‘ने’ लागतो का बघा: युरोपातल्या ‘हॅव’वाल्या भूतकाळाची मराठी वाट

जर्मनीत जाऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या आणि त्यांनी विचारलं, “हाबन झी शोन गेगेसन?” जेवण झालं का? प्रश्न कळला याचाच मला इतका आनंद झाला, की मी मनातल्या ‘हो, मी जेवलेय’चं जागच्या जागी जर्मन करून टाकलं: “या, इश बिन गेगेसन.” बाई दोन पायऱ्या उतरल्या होत्या, तिथूनच वळल्या आणि म्हणाल्या, “फॉन वेम?” कोणी? मी त्यांना ऐटीत सांगितलं होतं की मी खाल्ली गेलेली आहे.

‘इश हाबे गेगेसन’ म्हणायला हवं होतं. ‘बिन’ म्हणजे ‘आहे’, आणि मराठीत जेवले आहे, गेले आहे, लिहिलं आहे, सगळीकडे ‘आहे’च असतं. म्हणून ‘बिन’ आपसूक तोंडात आलं. माझ्या वर्गातल्या, सगळं शिक्षण इंग्रजीत झालेल्या एका मुलीची चूक बरोबर उलटी होती. ती म्हणायची ‘इश हाबे गेगांगन’, कारण तिच्या डोक्यात ‘आय हॅव गॉन’ असायचं. तिथे हवं होतं ‘इश बिन गेगांगन’.

आता मी नवशिक्यांना शिकवते, आणि दर बॅचला या दोन चुका हजेरी लावतात. पुढे जे लिहिलंय ते जर्मन, फ्रेंच किंवा इटालियन नुकतं सुरू केलेल्या मराठी माणसासाठी आहे. माझं म्हणणं एवढंच की शाळेत मार्कांसाठी घोकलेले कर्तरी आणि कर्मणी प्रयोग इथे कामाला येतात. हा विषय इंग्रजीच्या दारातून शिकू नका. मराठीच्या दारातून अर्धा रस्ता आधीच चालून झालेला असतो.

हे रूप म्हणजे काय

पश्चिम युरोपातल्या बऱ्याच भाषांत झालेली गोष्ट सांगताना क्रियापदाचे दोन तुकडे होतात. एक मदतनीस क्रियापद, वर्तमानकाळातलं, आणि दुसरं मुख्य क्रियापदाचं धातुसाधित, म्हणजे आपल्या ‘गेलेला’, ‘लिहिलेला’ या जातीचं. मदतनीस ‘जवळ असणे’ या अर्थाचा असतो किंवा ‘असणे’ या अर्थाचा.

जर्मनमध्ये ‘इश हाबे गेगेसन’ (मी खाल्लं) आणि ‘इश बिन गेगांगन’ (मी गेले). फ्रेंचमध्ये ‘जे माँजे’ आणि ‘ज स्वी आले’. इटालियनमध्ये ‘ओ मान्जातो’ आणि ‘सोनो आन्दाता’. डचमध्ये ‘इक हेप खेखेतन’ आणि ‘इक बेन खेखान’. चारही भाषांत जोडीतला पहिला मदतनीस ‘हॅव’च्या घरातला, दुसरा ‘असणे’च्या. स्पॅनिश, स्वीडिश आणि इंग्रजी मात्र सगळीकडे ‘हॅव’च लावून मोकळ्या होतात. (उच्चार देवनागरीत जवळपासचेच बसतात. कानाने ऐकून घ्या, माझ्या स्पेलिंगवर जाऊ नका.)

नावं प्रत्येक भाषेत वेगळी आहेत. जर्मनमध्ये पर्फेक्ट, फ्रेंचमध्ये पासे काँपोझे, इटालियनमध्ये पासातो प्रॉस्सिमो. यंत्र एकच.

मराठीत ‘हॅव’ला एकच असा शब्द नाही. आपण ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘तिचं घर आहे’ असं म्हणतो. रशियनचंही तसंच आहे. ‘ऊ मेन्या येस्त’ म्हणजे शब्दशः ‘माझ्यापाशी आहे’. आणि रशियनमध्ये हा हॅववाला भूतकाळही नाही. त्यामुळे ‘हॅव’ मध्ये कशाला आला, हा प्रश्न मराठी माणसाला पडला तर तो अगदी रास्त आहे.

उत्तर लॅटिनमध्ये सापडतं. ‘लित्तेरास स्क्रिप्तास हाबेओ’ या वाक्याचा जुना अर्थ ‘लिहिलेलं पत्र माझ्याकडे आहे’ असा. आपलं ‘पत्र लिहून ठेवलंय’ याच्या अगदी शेजारचं. ठेवलंय म्हणजे ते कपाटात आहे, आणि लिहिलंही मीच. हळूहळू कपाट विसरलं गेलं आणि लिहिणं उरलं. सहाव्या शतकात तूर गावचा बिशप ग्रेगरी ‘एपिस्कोपुम इन्विटाटुम हाबेस’ असं लिहितो, म्हणजे ‘तू बिशपना आमंत्रण दिलं आहेस’. बिशप काही कोणाच्या कपाटात नव्हते. एव्हाना ‘हाबेस’मधला मालकीचा अर्थ झिजून तो नुसता मदतनीस झाला होता.

जाता जाता एक गंमत. जर्मन ‘हाबन’ आणि लॅटिन ‘हाबेरे’ जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, पण त्यांचं रक्ताचं नातं नाही. ‘हाबन’ची लॅटिनमधली खरी बहीण ‘कापेरे’, म्हणजे पकडणे. रूप मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांत पसरत गेलं.

पहिली पायरी: ‘ती’ घालून बघा, ‘ने’ लागतो का

‘हॅव’ की ‘असणे’? म्हणजे जर्मनमध्ये हाबन की झाइन? फ्रेंचमध्ये आव्वार की एत्र? इटालियनमध्ये आवेरे की एस्सेरे? नवशिका इथेच अडखळतो. सरळ पाठ करा असं सांगण्याची पद्धत आहे. मी सांगते, आधी मराठीला विचारा.

क्रियापद घ्या आणि ‘ती’ कर्ता घालून भूतकाळ करा. ‘मी’ घालू नका, कारण ‘मी’ला ‘ने’ लागला तरी दिसत नाही. त्यातून बोलणारी बाई असेल तर ‘मी गेले’ आणि ‘मी लाडू खाल्ले’ दोन्हींच्या शेवटी ‘ले’च येतं. ‘ती’ घातली की सगळं उघड होतं:

तिने पत्र लिहिलं. तिने लाडू खाल्ले. तिने गाडी विकली.
ती गेली. ती आली. ती पडली. ती मेली.

पहिल्या ओळीत ‘ने’ आहे आणि क्रियापद कर्माच्या मागे जातं: पत्र लिहिलं, लाडू खाल्ले, गाडी विकली. हा कर्मणी. दुसऱ्या ओळीत ‘ने’ नाही, क्रियापद कर्त्याच्या मागे जातं. हा कर्तरी.

‘ने’ लागला तर डोळे मिटून ‘हॅव’ लावा. जर्मन ‘हाबन’, फ्रेंच ‘आव्वार’, इटालियन ‘आवेरे’. ‘रामाने रावणाला मारलं’ अशा भावे प्रयोगालाही हेच लागू. अपवाद असतात. फ्रेंच-इटालियनमधला मोठा अपवाद, आरशातल्या क्रियापदांचा, पुढे येईलच.

हे जुळणं निव्वळ योगायोग नाही. संस्कृतात ‘तेन पत्रं लिखितम्’ आणि ‘सः गतः’. मराठीचा भूतकाळ याच धातुसाधितांतून आला आणि ‘तेन’च्या जागी आपला ‘त्याने’ बसला. म्हणजे आपलाही भूतकाळ मुळात ‘लिहिलेलं’ आणि ‘गेलेला’ यांच्यातूनच उगवला आहे. गेलेला माणूस गेलेल्या अवस्थेत असतो, म्हणून त्याला ‘असणे’ चालतं. लिहिलेलं असतं ते पत्र, माणूस नव्हे. त्यामुळे माणसाचं पत्राशी नातं जोडायला दुसरं काहीतरी लागतं. आपण त्यासाठी ‘ने’ वापरला, त्यांनी ‘हॅव’. आणि ही धातुसाधितं दूरची पाहुणी नाहीत. इटालियन ‘नातो’ म्हणजे जन्मलेला, तो आपला ‘जात’. ‘मोर्तो’ म्हणजे ‘मृत’. ‘स्तातो’ म्हणजे ‘स्थित’. धातू तेच.

दुसरी पायरी: ‘ने’ लागला नाही, मग पुढे?

इथे घाई करू नका. मी जिन्यात नेमकी इथेच घसरले. ‘ती जेवली’. ‘ने’ नाही, म्हणून ‘बिन’? नाही.

‘ने’ न लागणाऱ्या क्रियापदांना आणखी एक प्रश्न विचारायचा: यात जागा बदलली का, किंवा माणसाची अवस्था बदलली का? ती गेली, आली, पडली, निघाली: जागा बदलली. ती मेली, जन्मली, मोठी झाली, जागी झाली: अवस्था बदलली. अशांना ‘असणे’. ती हसली, रडली, नाचली, झोपली, खेळली: यात ती जिथे होती तिथेच आहे आणि जशी होती तशीच आहे. अशांना ‘हॅव’. जर्मनमध्ये ‘इश हाबे गेलाख्ट’ (हसले), ‘इश हाबे गेतान्त्स्ट’ (नाचले).

झोपेचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. मराठीत ‘मी आठ तास झोपले’ आणि ‘मला झोप लागली’ या वेगळ्या गोष्टी आहेत. जर्मनमध्येही. आठ तास झोपणं म्हणजे ‘इश हाबे गेश्लाफन’. झोप लागणं म्हणजे ‘इश बिन आइनगेश्लाफन’, कारण जागी होते, झोपेत गेले, अवस्था बदलली. आणि सकाळी उठले म्हणजे ‘इश बिन आउफगेश्टांडन’. एका रात्रीत दोन्ही मदतनीस लागतात.

आता मराठीतले फितूर. काही क्रियापदांना कर्म असतं, तरी आपण ‘ने’ लावत नाही: ती पाणी प्यायली, ती जर्मन शिकली, ती नाव विसरली, ती खरं बोलली, ती सामना जिंकली. ‘जेवणे’ही यांच्याच सोबतीला धरा. ही पाच-सहा क्रियापदं वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि समोर ‘हॅव’ लिहून टाका. जर्मनमध्ये ‘इश हाबे गेट्रुंकन’ (प्यायले), ‘इश हाबे गेलेर्न्ट’ (शिकले), ‘इश हाबे फेरगेसन’ (विसरले). डच शिकणाऱ्यांना इथे सुखद धक्का बसेल. नाव डोक्यातून गेलं असेल तर डच माणूस ‘इक बेन’ लावून सांगतो, ‘मी नाव विसरले’सारखं, असणेवालं.

दोन प्रश्नांतून न सुटणारं थोडं उरतंच:

जर्मनमध्ये ‘राहणे’ (ब्लाइबन) आणि खुद्द ‘असणे’ (झाइन) या दोघांना ‘असणे’ लागतं, जरी काहीच बदललेलं नसलं तरी. ‘इश बिन गेब्लीबन’ म्हणजे मी राहिले. आणि ‘काय झालं?’ हे ‘वास इस्ट पासीर्ट?’, रोज लागणारं वाक्य.

फ्रेंच ‘राहणे’ (रेस्ते) लाही ‘एत्र’ लावते, पण ‘असणे’ला मात्र ‘आव्वार’: ‘जे एते’. इटालियन इथे जर्मनच्या बाजूने: ‘सोनो स्ताता’.

चालणे, पोहणे यांत जर्मन उदार आहे. हालचाल दिसली की बहुतेक वेळा ‘झाइन’. फ्रेंच म्हणते, नुसतं चाललात ना, कुठे पोचलात का? ‘जे मार्शे’ म्हणजे मी चालले, आणि त्याला ‘आव्वार’.

आरशातल्या क्रियापदांत, म्हणजे स्वतःलाच बसवणे, धुणे, कपडे घालणे, फ्रेंच आणि इटालियन कायम ‘असणे’ घेतात आणि जर्मन कायम ‘हाबन’. ‘मी बसले’ हे फ्रेंचमध्ये ‘ज म स्वी आसीझ’, जर्मनमध्ये ‘इश हाबे मिश गेझेत्स्ट’. दोन्ही भाषा एकदम शिकणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर चिकटवावं.

दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये उभं राहणे, बसून असणे, पडून असणे यांनाही ‘झाइन’ लावतात. उत्तरेत ‘इश हाबे गेश्टांडन’, दक्षिणेत ‘इश बिन गेश्टांडन’. परीक्षेला उत्तरेचं लिहा. पण स्टुटगार्टला जाणार असाल (ते १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे) तर तिथल्या माणसाची ‘चूक’ काढायला जाऊ नका.

फ्रेंच इंग्रजीतून शिकवताना ‘एत्र’वाली क्रियापदं पाठ व्हावीत म्हणून आद्याक्षरांपासून ‘डॉक्टर अँड मिसेस व्हॅनडरट्रॅम्प’ नावाचं जोडपं उभं करतात. येणे, जाणे, निघणे, पोचणे, चढणे, उतरणे, जन्मणे, मरणे, पडणे, राहणे, परतणे, होणे. मराठी माणसाला त्या जोडप्याची गरज नाही. यादीतल्या जवळपास प्रत्येकाला ‘ती’ घालून बघा, ‘ने’ लागत नाही. त्यातली काही क्रियापदं कर्म मिळालं की रंग बदलतात. ‘ज स्वी देसाँद्यू’ म्हणजे मी उतरले, आणि ‘जे देसाँद्यू ले वालीझ’ म्हणजे मी बॅगा उतरवल्या. मराठीला विचारा: ती उतरली, तिने बॅगा उतरवल्या. ‘ने’ आला, ‘आव्वार’ आला.

तिसरी पायरी: धातुसाधित बनवणं

जर्मनमध्ये साध्या क्रियापदाला पुढे ‘गे’ आणि मागे ‘ट’: माखन, गेमाख्ट (केलं), काउफन, गेकाउफ्ट (विकत घेतलं), आर्बाइटन, गेआर्बाइटेट (काम केलं). दुसरी टोळी ‘गे’ आणि ‘न’वाली: एसन, गेगेसन; कोमन, गेकोमन; श्राइबन, गेश्रीबन. या टोळीत मधला स्वरही बदलू शकतो आणि त्याला तर्क लावत बसण्यात अर्थ नाही. जाणेचं ‘गेला’, करणेचं ‘केला’, येणेचं ‘आला’, होणेचं ‘झाला’ कसं होतं, हे आपण कोणाला विचारलं होतं? कानावर पडत गेलं. इथेही तेच. सर्वात जास्त वापरली जाणारी क्रियापदंच सर्वात वाकडी असतात, आणि जास्त वापरल्यानेच ती लवकर बसतात.

‘गे’ कधी गळतो, हे मात्र नियमात बसतं. सुरुवातीला ‘बे’, ‘फेर’, ‘एर’, ‘एन्ट’, ‘त्सेर’ असा न सुटणारा उपसर्ग असेल तर ‘गे’ नाही: बेझूख्ट (भेट दिली), फेरश्टांडन (समजलं), फेरकाउफ्ट (विकलं). शेवट ‘ईरन’ असेल तरी नाही: श्टुडीर्ट, टेलेफोनीर्ट. सुटणारा उपसर्ग असेल तर ‘गे’ मध्ये शिरतो: आन-गे-रूफन (फोन केला), आइन-गे-काउफ्ट (बाजार केला), आउफ-गे-श्टांडन (उठले).

फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश इथे सोप्या. इटालियनमध्ये तीन शेपट्या: आतो, उतो, इतो. स्पॅनिशमध्ये दोन: आदो, इदो. फ्रेंचमध्ये बहुतेकांना ए, ई किंवा यू. वाकडी थोडी आहेत, आणि ती भावंडं म्हणून एकत्र पाठ केली की लवकर होतात. ‘लिहिलं’ म्हणजे फ्रेंच एक्री, इटालियन स्क्रित्तो, स्पॅनिश एस्क्रितो. ‘केलं’ म्हणजे फे, फात्तो, एचो.

चौथी पायरी: वाक्यात कुठे ठेवायचं

ही पायरी जर्मन आणि डच शिकणाऱ्यांची, आणि इथे मराठी माणसाची चैन आहे. मदतनीस दुसऱ्या जागी, धातुसाधित थेट शेवटी. ‘इश हाबे गेस्टर्न मिट माइनर मुटर आइने मांगो गेगेसन’. मी, काल, आईबरोबर, आंबा, खाल्ला. ‘हाबे’ बाजूला ठेवला तर उरलेला क्रम आपलाच आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला क्रियापदासाठी एवढं थांबून राहणं जड जातं. आपण जन्मभर वाक्याच्या शेवटापर्यंत थांबतच आलो आहोत.

‘कारण’, ‘की’, ‘जेव्हा’ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात तर मदतनीसही शेवटी जातो: ‘वाइल इश आइने मांगो गेगेसन हाबे’. कारण मी आंबा खाल्ला आहे. शब्दाला शब्द लावून बघा. ‘उपवाक्यात मराठी बोला’ एवढंच मी फळ्यावर लिहिते.

पाचवी पायरी: लिंगवचन जुळवणं

जर्मनमध्ये हा प्रश्नच नाही. धातुसाधित बदलत नाही, पुरुष गेला काय नि बाई गेली काय, ‘गेगांगन’. स्पॅनिशमध्येही ‘हॅव’बरोबर बदल नाही.

इटालियन शिकणाऱ्यांनी मात्र इथे टेकून बसावं, कारण इतकं घरचं काही दुसरीकडे भेटणार नाही. ‘असणे’ असेल तर कर्त्याशी जुळवायचं: तो गेला ‘ए आन्दातो’, ती गेली ‘ए आन्दाता’, ते गेले ‘सोनो आन्दाती’, त्या गेल्या ‘सोनो आन्दाते’. आतो, आता, आती, आते. गेला, गेली, गेले, गेल्या. आपलं नपुंसकलिंग बाजूला ठेवलं तर आकडासुद्धा जुळतो.

‘हॅव’ असेल तर सहसा काही जुळवायचं नाही: ‘ओ मान्जातो’, मग काहीही खाल्लेलं असो. पण कर्म सर्वनाम होऊन आधी आलं की कर्मणी जागा होतो. सफरचंद (मेला) इटालियनमध्ये स्त्रीलिंगी. ‘ला मेला? लो मान्जाता.’ अनेक असतील तर ‘ले मेले? ले ओ मान्जाते.’ मराठीत: पोळी? खाल्ली. करंज्या? खाल्ल्या. आईने डबा उघडून विचारल्यावर आपण जे लिंगवचन सांभाळून खोटं बोलतो, तेच हे.

फ्रेंचमध्ये नियम साधारण हाच, पण तो बराचसा कागदावरच उरलाय. ‘आले’ तो गेला आणि ती गेली दोघांना सारखंच ऐकू येतं, लिहिताना बाईसाठी एक ‘ई’ वाढतो. कर्म आधी आलं तर त्याच्याशी जुळवायचं: ‘ला लेत्र क जे एक्रीत’, मी लिहिलेलं पत्र. एरवीचं ‘एक्री’ इथे ‘एक्रीत’ झालं, कारण ‘लेत्र’ स्त्रीलिंगी आणि ती आधी आली. इटालियनकडे बोट दाखवून या नियमाचा आग्रह धरणारा कवी क्लेमाँ मारो सोळाव्या शतकातला. तेव्हापासून फ्रेंच शाळकरी पोरं त्याला बोल लावत आली आहेत. मराठी पोरांनी लावण्याचं कारण नाही.

इटालियनमधली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘मला सिनेमा आवडला’ हे ‘मी ए प्याचूतो इल फिल्म’. ‘मी’ म्हणजे इटालियनमध्ये ‘मला’. आवडणारा माणूस चतुर्थीत, क्रियापद सिनेमाशी जुळलेलं, मदतनीस ‘असणे’. भाजी आवडली तर ‘प्याचूता’. इंग्रजीतून इटालियन शिकवणारी पुस्तकं ‘पिझ्झा मला प्रिय होतो’ अशी कसरत करून हे समजावतात. आपण नुसतं मराठी बोलायचं.

वापरायचं कधी

इंग्रजीची सवय इथे आडवी येते. इंग्रजीत ‘येस्टरडे’ आला की ‘हॅव’ चालत नाही. जर्मन, फ्रेंच, इटालियनमध्ये चालतो. काल, परवा, दहा वर्षांपूर्वी, बोलताना खुशाल हेच रूप वापरा. जर्मनमध्ये फक्त ‘होते’ (वार), ‘माझ्याकडे होतं’ (हाटे) आणि शकणे-पाहिजेवाली क्रियापदं बोलतानाही जुन्या साध्या भूतकाळात येतात. फ्रेंचमध्ये साधा भूतकाळ कथा-कादंबऱ्यांत भेटेल, तोंडात येणार नाही. इटलीत उत्तरेकडे हेच रूप सगळीकडे, दक्षिणेत, विशेषतः सिसिलीत, साधा भूतकाळही बोलण्यात टिकून आहे.

स्पेनमध्ये आज सकाळी झालं ते ‘ए कोमिदो’, काल झालं ते ‘कोमी’. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आजचंही ‘कोमी’च.

पोर्तुगीजमध्ये सापळा आहे, आणि गोव्यात जुन्या मंडळींकडून चार शब्द कानावर पडलेले लोक हमखास त्यात पडतात. ‘मी मासे खाल्ले’ म्हणजे ‘कुमी पैश’, साधं. ‘तेन्यु कुमीदु’ दिसायला ‘आय हॅव ईटन’सारखं, पण अर्थ ‘हल्ली खात आलेय’, म्हणजे परत परत चाललेलं. एकदाच्या जेवणाला ते वापरू नका.

इंग्रजीतही एके काळी ‘असणे’ होतं. ‘ही इज कम’, ‘शी इज गॉन’. अणुबाँबच्या पहिल्या चाचणीची आठवण सांगताना रॉबर्ट ओपनहायमर १९६५ च्या दूरचित्रवाणी माहितीपटात गीतेतली ओळ म्हणतात, ‘नाऊ आय ॲम बिकम डेथ’. ‘हॅव बिकम’ का नाही, असं पुष्कळांना वाटतं. ते हेच जुनं रूप: होणे म्हणजे अवस्था बदलली, म्हणून ‘ॲम’. जर्मनमध्ये आजही ‘होणे’ला ‘बिन गेवॉर्डन’. आणि मूळ श्लोकात ‘कालोऽस्मि’ म्हणताना ‘अस्मि’ आहेच.

सरावाला

वहीत तीन रकाने करा: क्रियापद, मदतनीस, धातुसाधित. मदतनीस न लिहिता क्रियापद पाठ केलं तर ते अर्धंच पाठ झालं. रोज रात्री दिवसभराच्या पाच गोष्टी पाच वाक्यांत लिहा, पण भाषांतर करू नका. आधी मराठीत ‘ती’ घालून मनात म्हणा, ‘ने’ येतो का बघा, नसेल तर जागा-अवस्था विचारा, मग लिहा. सुरुवातीला एका वाक्याला मिनिट लागतं. माझ्या बॅचमधल्या बहुतेकांना तीन आठवड्यांत ‘ने’ शोधावा लागत नाही, कान स्वतःच सांगतो.

पाचातलं एक वाक्य तरी ‘असणे’वालं असलंच पाहिजे, नाहीतर वही भरते आणि ‘बिन’ गंजतं. पाऊस आहे, सुट्टी आहे, घराबाहेर पाऊल टाकलं नाही, असली सबब चालणार नाही. ‘इश बिन त्सू हाउझे गेब्लीबन’ लिहा. घरीच राहिले.